निवळीचे बी आणि वर्‍हाडचे पाणी

वनस्पतींच्या साहाय्याने पाणी निवळविण्याच्या विषयावर गेल्या चार दशकांत झालेले लेखन परिमाणाने विपुल आहे. परंतु त्यातील बराच भाग परस्परांच्या सावलीत वाढलेला आहे. शेवग्याचे बी सोलून वाटावे, त्याचा अर्क मुद्दाम गढूळ केलेल्या पाण्यात घालावा, सहा पात्रांच्या यंत्रावर ते पाणी आधी वेगाने व मग सावकाश ढवळावे, अर्ध्या-पाऊण तासाने गढूळपणा मोजावा, तो शेकडा नव्वदांहून अधिक कमी झाल्याची नोंद करावी आणि हे द्रव्य स्वस्त, निरुपद्रवी व निसर्गानुकूल असल्यामुळे ग्रामीण जनतेस वरदान ठरेल, अशा आशयाच्या वाक्याने लेखाचा समारोप करावा, असा या लेखनाचा एक साचाच पडून गेला आहे. हा साचा सर्वस्वी त्याज्य आहे असे नव्हे. त्यातील मूळ निरीक्षण खरे आहे आणि ते पुनःपुन्हा सिद्धही झाले आहे. प्रश्न असा आहे की, अमरावती व अकोला जिल्ह्यांतील पाण्याला हे लेखन कितपत लागू पडते, आणि ज्या प्रदेशाच्या नावाने अशा प्रबंधिका लिहिल्या जातात त्या प्रदेशाची माती, त्याचे क्षार व तेथील पाणी साठविण्याची रीत यांची दखल त्यात घेतलेली असते काय.

प्रथम शब्दाचा विचार करणे सोयीचे होईल. कोॲग्युलंट या संज्ञेसाठी येथे 'निवळक' असा शब्द योजला आहे. पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म कण एकत्र आणून त्यांचे पुंजके बनविणारे आणि ते पुंजके तळाशी बसू देणारे द्रव्य, एवढाच त्याचा अर्थ आहे. मराठीला हा व्यवहार नवा नाही. निवळणे हे क्रियापद पाण्याला लागते, आभाळाला लागते आणि रागावलेल्या माणसाच्या मनालाही लागते. आणि ज्या झाडाच्या बीने पाणी निवळते त्या झाडाला भाषेने 'निवळी' हेच नाव दिले आहे. संस्कृतातील कतक तो हाच. वनस्पतिशास्त्रातील नाव स्ट्रिक्नॉस पोटॅटोरम. मध्य व दक्षिण भारतातील शुष्क पानगळीच्या वनांत तो आढळतो.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचेचाळिसाव्या अध्यायात गढूळ पाणी नितळ करण्याची सात साधने सांगितली आहेत. कतक, गोमेदक, कमळाच्या मुळाच्या गाठी, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती आणि मणी ही ती सात होत. या यादीचा उल्लेख आधुनिक लेखांच्या प्रस्तावनेत हमखास येतो. मात्र त्याच प्रकरणातील दुसऱ्या विधानाकडे सहसा कोणी वळत नाही. बिघडलेल्या, म्हणजे रोगकारक, पाण्यासाठी सुश्रुताने वेगळी योजना सांगितली आहे: ते अग्नीवर उकळावे, उन्हात तापवावे, किंवा तापविलेले लोखंड, वाळू वा ढेकूळ त्यात विझवावे. प्रसादन, म्हणजे निवळविणे, ही या योजनेची जोड आहे, तिचा पर्याय नाही. पाणी नितळ होणे आणि पाणी निर्दोष होणे या दोन गोष्टी प्राचीन वैद्याने वेगळ्या ठेवल्या होत्या. अर्वाचीन प्रबंधिकांत 'शुद्धीकरण' या एकाच शब्दाखाली त्या एकत्र झाल्या आहेत. परंपरेचा आधार घेणाऱ्याने परंपरेचे निम्मेच वाक्य वाचावे, हे काहीसे विपरीत आहे.

दुसरी एक गफलत याहून ढोबळ आहे. सुश्रुताच्या सात साधनांत शेवगा नाही. तरीही 'आपल्या पूर्वजांना शेवग्याने पाणी शुद्ध करण्याची विद्या अवगत होती' अशा धाटणीचे विधान अनेक ठिकाणी आढळते. शेवग्याचे झाड भारतीय आहे हे खरे; हिमालयाच्या वायव्य पायथ्याचा प्रदेश ही त्याची मूळ भूमी मानली जाते. परंतु त्याच्या बीचा पाण्यासाठी होणारा उपयोग शास्त्रज्ञांच्या नजरेस आला तो सुदानमध्ये. नाईलच्या पुराचे गढूळ पाणी तेथील स्त्रिया या बीने निवळवीत असत. जर्मन संशोधक सामिया अल् अझारिया यान यांनी या रीतीचा तपशीलवार अभ्यास केला आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथामुळे ती जगापुढे आली. ज्या वर्‍हाडात मुनग्याच्या शेंगा वरणात पडत आल्या, तेथे बीचा हा गुण परदेशी लेखनाच्या मार्गाने परत आला, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होईल. यात उणेपणा मानण्याचे कारण नाही. निवळीची परंपरा भक्कम आहे. ती शेवग्याला उसनी देण्याची गरज नाही.

निवळी वापरण्याची रीतही ध्यानात घेण्याजोगी आहे. कालिदासाने 'मालविकाग्निमित्रा'च्या दुसऱ्या अंकात चिखल दूर करणाऱ्या फळाचा दृष्टान्त योजला आहे तो घासण्याच्या क्रियेसह. १७९५ साली कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींचे वर्णन करताना विल्यम रॉक्सबर्ग यानेही हेच नोंदविले आहे की, बिनझिलईच्या मातीच्या भांड्याच्या आतील बाजूवर बी मिनिट-दोन मिनिटे जोराने घासतात आणि मग पाणी स्थिर ठेवतात. म्हणजे पाण्यात उतरणारे द्रव्य अत्यल्प असते. शिवाय घासताना भांड्याच्या मातीचे कणही त्यात मिसळत असले पाहिजेत. प्रयोगशाळेत मात्र बीची पूड करून ती मिलिग्रॅमांत तोलून घातली जाते. दोन्ही क्रिया एकच आहेत असे गृहीत धरून परंपरेचे 'वैज्ञानिक समर्थन' झाल्याचे जाहीर करणे योग्य नव्हे. मातीच्या भांड्यात घासून पाहण्याचा साधा प्रयोग या लेखनात अपवादानेच दिसतो.

या विषयाची सुरुवात विदर्भाला परकी नाही, हे येथे सांगितले पाहिजे. नागपूर येथे १९५८ साली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ पासून ती नीरी या नावाने ओळखली जाते. फ्लोराइड निवारणाच्या नळगोंडा पद्धतीशी ज्यांचे नाव पुढे जोडले गेले त्या बुलुसू यांनी सेन यांच्यासह १९६२ सालीच निवळीच्या बीची निवळक म्हणून व निवळकाचा साहाय्यक म्हणून परीक्षा केली होती. १९७६ साली त्रिपाठी, चौधरी व बोकील यांचा निवळीवरील लेख 'इंडियन जर्नल ऑफ एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ' या नियतकालिकात आला. सेन आणि बुलुसू यांनी विचारलेला प्रश्न आजच्या बहुतेक प्रबंधिकांतील प्रश्नापेक्षा अधिक नेमका होता. बीने तुरटीची जागा घ्यावी काय, एवढेच न विचारता, तुरटीच्या जोडीला बी दिल्यास काय साधते, असे त्यांनी विचारले. साठ वर्षांनंतर हा दुसरा प्रश्न मागे पडून पहिलाच उरावा, याचे कारण शास्त्रात शोधण्यापेक्षा 'नैसर्गिक' व 'रासायनिक' या दोन शब्दांच्या आजच्या भावार्थात शोधावे लागेल.

बीच्या अंगी हा गुण कोठून येतो याचे उत्तर आता बरेच स्पष्ट झाले आहे. चिकणमातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युत्भार असतो. समान भारामुळे ते एकमेकांस दूर लोटतात व खाली बसत नाहीत. शेवग्याच्या बीत लहान आकाराची, पाण्यात विरघळणारी, धनभारित प्रथिने असतात. १९९५ साली न्दाबिगेन्गेसेरे, नरसय्या व टॅल्बो यांनी दाखविल्याप्रमाणे ही प्रथिने कणांवर चिकटून त्यांचा ऋणभार नाहीसा करतात आणि कण एकत्र येऊ लागतात. निवळीची गोष्ट निराळी आहे. तेथे कार्य करणारी द्रव्ये प्रामुख्याने बहुशर्करा असून त्यांचे लांब रेणू कणाकणांमध्ये पुलासारखे पसरतात. दोन्ही बियांना एकाच सदरात घालून 'नैसर्गिक निवळक' म्हणून त्यांची तुलना करणाऱ्या तक्त्यांत हा भेद सहसा पुसला जातो. हरभरा, वाल, भेंडीचा चिकट रस, निवडुंगाचा गर, चिंचोका ही आणखी नावे अशा तक्त्यांत येतात. बांगलादेशातून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हरभऱ्याने शेवग्यावरही मात केली होती. हरभरा पिकविणाऱ्या वर्‍हाडात ही गोष्ट कुतूहलाची वाटेल. परंतु तो अभ्यासही कृत्रिम गढूळ पाण्यावरचाच होता, आणि खरी अडचण तेथेच आहे.

प्रयोगशाळेत पाणी गढूळ करण्यासाठी बहुधा केओलिन वापरतात. ही पांढरी चिकणमाती सहज मिळते, तिचे गुणधर्म स्थिर असतात व तीवरील निष्कर्ष इतरांच्या निष्कर्षांशी ताडून पाहता येतात. तिची निवड म्हणून समजण्यासारखी आहे. पण वर्‍हाडचे ओढे-नाले केओलिनने गढूळ होत नाहीत. येथील काळी कपाशीची जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली असून तिच्यातील चिकणमाती मुख्यतः माँटमोरिलोनाइट गटातील आहे. पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी हीच ती माती. केओलिनाइटची धनायन-विनिमयक्षमता शंभर ग्रॅमला ३ ते १५ मिलिइक्विव्हॅलंट असते, तर माँटमोरिलोनाइटची ८० ते १५०. जिचा ऋणभार इतक्या पटींनी अधिक आणि जिच्या थरांमधील पोकळीतही रेणू शिरू शकतात, त्या मातीला केओलिनवर ठरविलेली मात्रा पुरेल असे गृहीत धरण्यास आधार नाही. ती मात्रा कमी पडेल, की मोठे पुंजके लवकर बनल्यामुळे वेगळेच काही घडेल, हे प्रयोगानेच ठरावयाचे आहे. आणि ज्या महाविद्यालयाच्या कुंपणालगत काळी माती आहे तेथे बाजारातून केओलिन आणून हा प्रयोग टाळला जातो, ही खेदाची गोष्ट होय. येथे सुदानचे उदाहरण पुन्हा उपयोगी पडते. निळ्या नाईलचा गाळ इथिओपियाच्या बेसाल्टी पठारावरून येतो आणि त्याच गटातील चिकणमातीने समृद्ध असतो. याचा अर्थ, वर्‍हाडच्या अभ्यासकाला यान यांच्या गावपातळीवरील नोंदी कोणत्याही केओलिनच्या तक्त्याहून अधिक जवळच्या आहेत.

शेकडेवारीच्या मोहासंबंधी थोडे स्पष्ट बोलणे इष्ट आहे. ५०० एनटीयू गढूळपणाचे पाणी शेकडा ९५ने निवळले, हे वाचताना यश डोळ्यांत भरते. परंतु उरलेला गढूळपणा २५ एनटीयू असतो. भारतीय मानक आय.एस. १०५०० च्या २०१२ सालच्या आवृत्तीनुसार पिण्याच्या पाण्यासाठी स्वीकार्य मर्यादा १ आणि दुसरा स्रोत नसल्यास सोसण्याची मर्यादा ५ आहे. म्हणजे ज्या प्रयोगास यशस्वी म्हटले त्यातील पाणी सोसण्याच्या मर्यादेच्याही पाचपट गढूळ असते. गाळणीशिवाय हे अंतर तुटत नाही. मलावीतील थायोलो येथे गेल्या शतकाच्या अखेरच्या काळात शेवग्यावर चालविलेल्या जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगात २७० ते ३८० एनटीयूचे पाणी ४च्या खाली आले, हे सर्वत्र सांगितले जाते. तेथे पुढे वाळूच्या गाळण्या होत्या, हे मात्र तितक्या आवर्जून सांगितले जात नाही. त्याखेरीज अनेक तक्त्यांत निवळक न घालता नुसते स्थिर ठेवलेले पाणी तेवढ्याच वेळात किती निवळले, याचा रकानाच नसतो. तो नसताना श्रेय बीचे किती व गुरुत्वाकर्षणाचे किती, हे वाचकाने कसे ठरवावे?

शेवग्याचे बी अतिशय गढूळ पाण्यावर चांगले चालते आणि कमी गढूळ पाण्यावर, साधारणतः ५० एनटीयूच्या खाली, त्याचा प्रभाव ओसरतो, हेही बहुतेक अभ्यासांतून आढळले आहे. अमरावती शहराला सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणातून, ज्याच्या जलाशयाला नळ-दमयंती सागर असे या भूमीला साजेसे नाव आहे, आणि अकोला शहराला महान येथील काटेपूर्णा प्रकल्पातून पाणी मिळते. मोठ्या जलाशयात गाळ आधीच पुष्कळसा बसलेला असतो. पावसाळ्याचे काही आठवडे सोडले तर हे पाणी नेमके त्या कमी गढूळ वर्गात मोडते. शहराच्या प्रमाणात हिशेब केला तर अडचण आणखी उघड होते. दिवसाला १० कोटी लिटर पाणी गृहीत धरले आणि लिटरला अवघे ५० मिलिग्रॅम सोललेले बी लागेल असे मानले, तरी रोज ५ टन व पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे ६०० टन गर हवा. 'मोठ्या प्रमाणावर वापरास वाव आहे' असे लिहिणाऱ्याने हा गुणाकार एकदा करून पाहावयास हवा. हे साधन शहराचे नव्हे, घराचे व वस्तीचे आहे, असे मानल्यासच पुढील चर्चा फलदायी होईल.

परंतु घराकडे वळताच वर्‍हाडचा खरा प्रश्न समोर उभा राहतो. सातपुड्यात उगम पावून अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून वाहत जाऊन चांगदेवजवळ तापीस मिळणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाण पट्टा पसरला आहे. येथील विहिरींचे पाणी क्षारयुक्त आहे. अनेक ठिकाणी ते पिण्यास तर नाहीच, ओलितासही घातक ठरते. या पट्ट्यातील मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार गावकरी दीर्घकाळ करीत आले आहेत. तेव्हा एखाद्या लेखात वनस्पतिजन्य निवळकांनी 'वर्‍हाडातील दूषित पाण्याचा प्रश्न सुटेल' असे विधान आले, तर ते केवळ अतिशयोक्त राहत नाही. ते चुकीच्या दिशेने नेणारे ठरते. निवळक द्रव्य तरंगणाऱ्या कणांवर काम करते. पाण्यात विरघळलेल्या सोडियम व क्लोराइडला ते स्पर्शही करीत नाही. बीने पाण्याचा कठीणपणा काही अंशी कमी होतो असे मुयिबी व एव्हिसन यांनी १९९५ साली दाखविले आहे, आणि त्या आधारावर क्षारनिवारणाची आशा बाळगली जाते. पण कठीणपणा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा असतो. तो कमी करण्यासाठी लागणारी मात्रा कठीणपणाबरोबर वाढत जाते. आणि खारेपणाचा त्याच्याशी संबंध नाही. खारपाण पट्ट्यातील गावांवर आजवर जो उपाय झाला तो वान, काटेपूर्णा, शहानूर अशा धरणांतील गोडे पाणी नळाने आणण्याचा झाला आहे, आणि त्यामागे हेच साधे रसायनशास्त्र आहे.

येथे एक विलक्षण विरोध दिसून येतो. खारपाण विहिरीचे पाणी बहुधा स्फटिकासारखे नितळ असते. त्यातील क्षारांमुळेच चिकणमातीचे कण एकत्र येऊन तळाशी बसतात. निवळकाचे जे काम तेच तेथे क्षार करतात. उलट, सोडियमने व्यापलेल्या जमिनीवर पावसाचे गोडे पाणी साचले की क्षारांचा तो आधार नसल्यामुळे माती विखुरते आणि पाणी दीर्घकाळ गढूळच राहते. म्हणजे या मुलखात जे नितळ ते पिण्याजोगे नव्हे, आणि जे पिण्याजोगे होऊ शकेल ते गढूळ. डोळ्यांना दिसणारा गढूळपणा हाच ज्यांच्या तक्त्यांतील एकमेव मोजमाप आहे, त्या संशोधनाला हा प्रदेश समजणे कठीण आहे. मात्र याच विरोधातून वनस्पतिजन्य निवळकाचे खरे क्षेत्रही हाती लागते: छपरावरून वा शेतातून जमविलेले, क्षाराने कमी पण मातीने भरलेले पावसाचे पाणी. खारपाण पट्ट्यात शेततळ्यांना महत्त्व आले आहे ते गोड्या पाण्याच्या या साठ्यामुळेच. शेवग्याचे बी अतिगढूळ पाण्यावर उत्तम चालते हे लक्षात घेता, प्रयोग करावयाचा तर तो अशा तळ्याच्या पाण्यावर करावा; कृत्रिम पाण्याची तेथे आवश्यकताच उरत नाही.

तुरटीवरील आक्षेपांची तपासणीही याच भूमिकेतून झाली पाहिजे. तुरटी पाण्याची क्षारता खर्च करते व त्याचा सामू घटविते, म्हणून वनस्पती श्रेष्ठ, असा युक्तिवाद पाठ्यपुस्तकांतून उचलला जातो. एक भाग तुरटीचे लवण सुमारे अर्धा भाग क्षारता खर्च करते हे खरे. पण बेसाल्ट प्रदेशातील पाण्यात क्षारता मुबलक असते आणि हा आक्षेप येथे फारसा लागू होत नाही. लागू पडू शकेल तो वेगळाच मुद्दा. सामू ८च्या वर गेला की अॅल्युमिनियम पुन्हा विरघळू लागते. तेव्हा अल्कधर्मी पाण्यात बेहिशेबी तुरटी फिरविल्यास पाण्यात त्याचा अंश उरू शकतो. मानकातील स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०३ मिलिग्रॅम व सोसण्याची ०.२ मिलिग्रॅम आहे. अॅल्युमिनियम व स्मृतिभ्रंश यांचा संबंध अजून निर्विवादपणे प्रस्थापित झालेला नाही, आणि तो सिद्धच आहे असे मानून भीती पसरविणे शास्त्राला शोभत नाही. परंतु तुरटी फिरविलेल्या घरगुती पाण्यातील अॅल्युमिनियम मोजणे अवघड नाही. भीतीविषयी पाने भरतात आणि मोजमापाची ओळ येत नाही, असे बहुतेक ठिकाणी दिसते.

यापुढचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. मॅडसेन, श्लुंट व ओमर यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शेवग्याच्या बीने पहिल्या एक-दोन तासांत पाण्यातील जंतूंची संख्या शेकडा ९० ते ९९.९९ने घटल्याचे आढळले. प्रचारपर लेखनात हा आकडा वारंवार येतो. त्याच अभ्यासाचा उत्तरार्ध असा की, जंतू मेले नव्हते, तळाच्या गाळात एकवटले होते. आणि चोवीस तासांच्या आत साल्मोनेला व शिगेला यांची, काही वेळा ई. कोलायचीही, संख्या पुन्हा वाढली. कॉलऱ्याच्या जंतूंच्या बाबतीत अशी वाढ दिसली नाही, हेही नमूद केले पाहिजे. कारण उघड आहे. बीच्या पुडीबरोबर प्रथिने, शर्करा व तेल पाण्यात उतरते. त्यातील अत्यल्प अंश निवळण्याचे काम करतो आणि उरलेला भाग जंतूंचे अन्न होतो.

आता ही गोष्ट अमरावती-अकोल्याच्या घरात नेऊन पाहावी. या जिल्ह्यांत उन्हाळ्यात चार-चार, आठ-आठ दिवसांआड पाणी मिळाल्याचे प्रसंग वारंवार आले आहेत. पाणी रांजणात, सिमेंटच्या टाकीत, प्लास्टिकच्या ड्रममध्ये साठविले जाते, आणि तेही चाळिशीपार गेलेल्या तापमानात. नाईलकाठची स्त्री सकाळी आणलेले पाणी निवळवून संध्याकाळपर्यंत संपवीत असेल, तर तिच्या रीतीत धोका थोडा. तीच रीत आठवडाभराच्या साठ्यावर योजली, तर नितळ दिसणारे पाणी तिसऱ्या दिवशी काय असेल, हा प्रश्न पोराबाळांच्या अतिसाराचा आहे. ज्या प्रबंधिकेत साठविलेल्या पाण्याची दुसऱ्या, चौथ्या व सातव्या दिवशीची जंतुपरीक्षा नाही, तिने वर्‍हाडातील घरांना शिफारस करू नये. ब्लीचिंग पावडर घालावी म्हटले, तर सेंद्रिय अंश क्लोरीन खाऊन टाकतो. शिवाय १९७४ साली रूक यांनी रॉटरडॅमच्या पाण्यात दाखविल्यापासून, क्लोरीन व सेंद्रिय द्रव्ये यांच्या संयोगाने क्लोरोफॉर्मसारखे पदार्थ बनतात हे सर्वज्ञात आहे. निवळल्यानंतर गाळ ताबडतोब वेगळा करावा, पाणी उकळावे आणि त्याच दिवशी संपवावे, एवढे सांगितल्याखेरीज बीची शिफारस अपुरी राहते. सुश्रुताने उकळणे वेगळे का सांगितले होते, ते येथे उमगते.

'स्वस्त' या विशेषणाचीही थोडी झडती घ्यावयास हवी. वीस लिटर गढूळ पाण्यास लिटरला १५० मिलिग्रॅम या हिशेबाने ३ ग्रॅम गर, म्हणजे दहा-पंधरा बिया लागतात. त्या सोलणे, कुटणे, पाण्यात कालविणे, फडक्यातून गाळणे, आधी जोराने व मग दहा-पंधरा मिनिटे संथपणे ढवळणे, दोन तास थांबणे, वरचे पाणी हलक्या हाताने ओतून घेणे आणि दुसऱ्या दिवशी अर्क शिळा झाला म्हणून पुन्हा प्रारंभ करणे, हे काम घरात कोणाच्या वाट्यास येते ते सांगावयास नको. बीची किंमत शून्य धरली तरी या तासांची किंमत कोणत्याच तक्त्यात नसते. तुरटीचा खडा दोन वेळा फिरविला की काम झाले, या सोयीशी बीची स्पर्धा आहे.

निवळीच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. तिचा सख्खा भाऊबंद म्हणजे कुचला. त्याच्या बीत स्ट्रिक्नीन हे तीव्र विष असते. कुचल्याचे बी मोठे, चकतीसारखे चपटे व रेशमी लव असलेले, तर निवळीचे लहान व गोलसर, असा भेद जाणत्यास सहज कळतो. परंतु वाळलेल्या बियांची पूड झाली की हा भेद डोळ्यांनी ओळखता येत नाही. निवळीची पूड विकत घेऊन वापरावी असा सल्ला देणाऱ्या लेखात एवढी सूचना असावयास हरकत नव्हती.

या सर्व दोषांतून बाहेर पडण्याची वाट शास्त्राने काही अंशी दाखविली आहे, आणि तिच्याकडे येथील अभ्यासकांचे लक्ष जावे म्हणूनच तिचा निर्देश अगत्याचा आहे. साध्या पाण्याऐवजी मिठाच्या पाण्यात अर्क काढल्यास बीतील कार्यकारी द्रव्य कितीतरी अधिक उतरते. ओकुडा व सहकाऱ्यांनी १९९९ साली केओलिनच्या पाण्यावर मात्रेत ७.४ पट बचत नोंदविली. खारपाण पट्ट्यात मीठ आणखी घालणे शहाणपणाचे नसले, तरी विहिरीचे खारे पाणीच अर्क काढण्यास चालेल काय, हा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही. वीस लिटरांत पडणारा अर्क एखाद्या पेल्याएवढा असल्याने एकूण खारेपणात पडणारी भर थोडीच राहील. बी घाण्यावर पेरून तेल काढले तरी पेंडीतील निवळण्याचा गुण टिकतो, म्हणून तेलाचे मोल मिळून पेंड पाण्यासाठी उरते. घेब्रेमायकेल व सहकाऱ्यांनी २००५ साली प्रथिन सोप्या रीतीने वेगळे करून दाखविले. त्याही पुढे जाऊन पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली अशी युक्ती मांडली की, अर्क वाळूवर ओतावा, धनभारित प्रथिन वाळूच्या ऋणभारित पृष्ठभागास चिकटते, मग वाळू धुवून घ्यावी. सेंद्रिय अंश धुण्याबरोबर निघून जातो आणि उरलेली वाळू पाण्यातील कण व जंतू धरून ठेवते. साठवणीत जंतू वाढण्याच्या ज्या दोषामुळे वर्‍हाडात बीची शिफारस करणे अवघड होते, तो दोष येथे मुळाशीच टाळला जातो. हे प्रयोग मुख्यतः गारगोटीच्या स्वच्छ वाळूवर झाले आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातील वाळूत बेसाल्टचे कण मिसळलेले असतात. तीवर हे प्रथिन तितकेच घट्ट बसते काय, किती धुण्यांनंतर सुटते, आणि शेततळ्यातील काळ्या मातीच्या पाण्यावर अशी गाळणी किती दिवस चालते, हे पाहण्यास अमरावती व अकोला येथील प्रयोगशाळांत आज असलेली साधने पुरेशी आहेत. लागेल ती एक पावसाळ्याची मुदत, जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत एकाच तळ्यातून दर आठवड्याला घेतलेले नमुने, निवळक न घातलेल्या पाण्याचा एक रकाना आणि सातव्या दिवसापर्यंतची जंतुगणना.